पडलेल्या दाताची तारीख

परातीतलं पाणी दुधाळ व्हायला लागलं तसा हॉलमधला शेवटचा खोकलाही थांबला.

एरवी या हॉलमध्ये स्वस्त कपड्यांचे सेल लागायचे. आज भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एकेक जुना फोटो. कुणी फ्रेमसकट भिंतीवरून उतरवून आणला होता, कुणी अल्बममधून नखानं सोलून. पुढे टेबल, टेबलावर पितळेची परात आणि परातीमागे पांढऱ्या झग्यातले फोटोबाबा.

"काळ म्हणजे काय हो?" बाबांनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच दिलं. "काळ म्हणजे नुसता पडदा! माणूस जातो कुठे? कुठेही जात नाही. तुमच्या फोटोत येऊन गुपचूप उभा राहतो. तुम्हाला दिसत नाही, कारण तुमच्या डोळ्यांत संसाराची धूळ. कॅमेऱ्याला दिसतो. का? कॅमेऱ्याला संसार नाही!"

"अहाहा!" कुणीतरी म्हणालं. बाबांच्या बाजूला बसलेल्या बाईंनी लगेच भजन सुरू केलं. त्यांनी ओढणी कपाळापर्यंत आणि हनुवटीपर्यंत लपेटली होती, पण गाताना वरच्या दातावरची कॅप चमकली. कुणीतरी छान बसवली आहे, असं माझ्या मनात आलं. मी दातांची डॉक्टर आहे. देवळात गेले तरी मी दातच बघते.

परातीतला फोटो माझ्या आत्याचा होता आणि आत्या माझ्या शेजारी, माझं मनगट घट्ट धरून बसली होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये लायनी जोडल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर एकटी राहते. तिच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तोंडातली किडलेली दाढ आधी काढा, नाहीतर तिथला जंतू रक्तातून थेट नव्या झडपेवर जाऊन बसेल. दाढ काढायची म्हटलं की आत्या विषय बदलायची. सख्खी भाची दातांची डॉक्टर असून ती माझ्या दवाखान्याची पायरी कधीच चढली नव्हती. शेवटी आमचा सौदा ठरला: मी तिच्याबरोबर फोटोबाबांकडे यायचं, तिनं माझ्याकडे दाढ काढायला यायचं. बाबांचं नाव तिला बागेत नव्यानं ओळख झालेल्या एका मैत्रिणीनं सुचवलं होतं. फोटो 'शुद्धीसाठी' म्हणून आठवडाभर आधीच तिथे देऊन झाला होता.

"मोठ्यानं सांगा माई," बाबा म्हणाले. "हा फोटो कधीचा?"

"नव्या घराच्या दारातला." आत्याचा आवाज अजून खणखणीत आहे. "तिथे राहायला गेलो, त्या उन्हाळ्यातला. आई, वडील, मी आणि धाकटा."

"आणि मधला भाऊ?"

"तो आधीच गेला होता. जुन्या घरी. सात वर्षांचा होता."

"म्हणजे या घराची पायरी त्यानं पाहिली होती?"

"नाही."

"मग या फोटोत तो असणं शक्य आहे?"

"नाही," आत्या म्हणाली.

बाबांनी पाण्यात बोटं फिरवली. आत्याच्या आणि माझ्या आजीच्या मधली कोरी भिंत फिकट होत गेली आणि तिच्यातून आधी एक कान, मग डोळे, मग हसरं तोंड वर आलं. समोरचा एक दात नसलेलं तोंड. हॉलभर एकच श्वास घेतला गेला. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. चेहरा त्या मधल्या भावाचा, माझ्या काकाचाच होता, आणि तरी कुठेतरी अनोळखी वाटत होता.

"पाणी दुधाळ झालंय, पाहताय ना?" बाबा म्हणाले. "हे पाणी नाही. हे त्याचे अश्रू आहेत. माई, तुमच्या हातून त्याच्या शरीराला काहीतरी झालंय. तो तेच सांगायला आलाय."

मला वाटलं आता आत्या उठेल आणि त्याची बोलती बंद करेल. ती उठली खरी. पण दोन्ही हात जोडून, त्या ओल्या कागदाकडे बघत म्हणाली, "मीच मारलं रे तुला. आई नको म्हणत होती तरी मी दोरा बांधला. मीच तुझा दात ओढला. किती रक्त आलं. मग तुला ताप चढला आणि तू गेलास."

मला यातलं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी हिच्या मांडीवर लोळले, हिच्या हातचं खाल्लं, हिला "भित्री, भित्री" म्हणून चिडवलं, आणि ही दातांना का भिते हे एकदाही विचारलं नाही. ते मला भर हॉलमध्ये, परक्या माणसांच्या बरोबरीनं कळलं. लाज वाटावी तशी वाटली.

बाबांनी एक क्षण ओढणीवाल्या बाईंकडे पाहिलं. एवढं मोठं घबाड हाती लागेल असं त्यांनाही वाटलं नसावं. मग त्यांनी डोळे मिटले. "तो जोवर सोडत नाही तोवर या शरीराला लोखंड लागू द्यायचं नाही. सुई नाही, सुरी नाही, चिमटा नाही."

"तिचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात!" मी ओरडले.

"डॉक्टर शरीर कापतात, डॉक्टरीणबाई," ते गोड हसून म्हणाले. "आम्ही काळ कापतो."

त्यावर पुन्हा अहाहा झालं. मी डॉक्टर आहे हे त्यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न मला सुचलाच नाही. आत्याला सावरून गाडीत बसवण्यातच माझा जीव गुंतला होता. घरी पोचताच तिनं हॉस्पिटलला फोन लावून ऑपरेशन रद्द करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेशंट यायच्या आधी मी हात धूत होते. बेसिनवर आरसा आहे. दार उघडं असलं की त्यात मागची वेटिंग रूम दिसते. सहज मान वर केली तर आरशात फोटोबाबांचा चमत्कार माझ्याकडे बघून हसत होता. तोच कान, तेच हसरं तोंड, त्याच बाजूचा पडका दात.

मी वळले. भिंतीवर माझंच पोस्टर होतं.

हे पोस्टर म्हणजे माझ्या हुशारीचा नमुना. वडिलांच्या अल्बममध्ये आत्याचा आणि काकाचा एक छोटा फोटो होता, जुन्या घराच्या पायरीवरचा. त्यातला दात पडलेला काका मला इतका आवडला की मी तो मोठा करून घेतला आणि खाली ठळक अक्षरांत छापलं: "माझा पडला, नवा येणार! तुझा?" लहान मुलं ते बघून हसायची आणि खुर्चीत बसायला तयार व्हायची. आत्याला विचारावं असं डोक्यातच आलं नाही. ती दवाखान्यात येतच नव्हती, तिला कळणार कुठून?

बाबांनी हाच चेहरा उचलला होता. तो बहिणीकडे बघतोय असं वाटावं म्हणून आरशासारखा उलटा करून बसवला होता. म्हणूनच मला तो ओळखीचाही वाटला आणि परकाही. पण त्यांना हा चेहरा मिळाला कसा?

तेव्हा मला ती कॅप आठवली. चेहरे मी विसरते, दात विसरत नाही. ती कॅप छान बसली होती, कारण ती मीच बसवली होती. त्या बाई रूट कॅनॉलसाठी बरेचदा आल्या होत्या, आणि दरवेळी वेळेच्या कितीतरी आधी येऊन पोस्टरसमोरच फोन धरून बसायच्या. मला कामात बडबड करायची खोड आहे. तोंड उघडं ठेवून बसलेला माणूस मध्येच तोडत नाही, सल्ला देत नाही, फक्त "आं आं" म्हणतो. "पोस्टरवरचा का? तो माझा काका. सातव्या वर्षी तापानं गेला. आत्याचा फार लाडका. आत्या ना, मी डॉक्टर असून दात दाखवत नाही. रोज सकाळी बागेत जाऊन बसते, एकटीच." हे सगळं मी त्यांच्या दाढेत ड्रिल फिरवत सांगितलं होतं. आत्याला बागेत भेटलेली नवी मैत्रीण कोण, हे मला वेगळं विचारायची गरज उरली नाही.

म्हणजे बाबांच्या अंतर्ज्ञानाचा झरा माझ्याच तोंडातून वाहत होता.

मी आत्याकडे गेले, पण शूरासारखी नाही. पोस्टर भिंतीवरच ठेवून गेले. तिला कॉम्प्युटर समजावला, छपाई समजावली, पाण्यात विरघळणारे रंग समजावले. ती शांतपणे ऐकत होती.

"असं चिकटवायचं तर त्याचा फोटो हवा ना त्यांच्याकडे?" ती म्हणाली. "त्याचा एकच फोटो आहे. तुझ्या वडिलांच्या अल्बममध्ये. अल्बम तुझ्याकडे."

"मिळाला असेल कुठून तरी."

"कुठून तरी," आत्या म्हणाली. "चहा घेऊन जा."

मी चहा न घेता खाली उतरले आणि गाडीत येऊन बसले. स्वतःची इभ्रत वाचवायला मी तिची झडप पणाला लावत होते. फोटोबाबा निदान पोटासाठी खोटं बोलत होता. माझं कारण त्याहून हलकं होतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टर गुंडाळून काखेत मारलं आणि वर गेले. जेवणाच्या टेबलावर ते उलगडलं, कोपऱ्यांवर मिठाची बरणी, टीव्हीचा रिमोट आणि माझे दोन हात ठेवले. आत्यानं आधी चेहरा पाहिला. मग खालची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

"हे कुठे असतं?"

"दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत."

"लोक हसतात बघून?"

"मुलं हसतात. त्यांची भीती जाते."

"आणि मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." आता थांबायचं नाही असं ठरवून मी बाकीचंही सांगून टाकलं: कॅप, बाग, माझी बडबड. "आत्या, त्या माणसाला सगळं मी पुरवलं. चुकलं माझं."

ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती पोस्टरकडेच बघत होती. मग कपाटातून तिनं बाबांच्या परातीतून निघालेला फोटो आणला, शेजारी ठेवला, आणि खुर्ची ओढून अशी बसली की जणू समोर कुणी छोटं बसलंय. डावा हात पुढे केला. आत्या डावखुरी आहे.

"मी अशी बसले होते. दोरा या हातात. सरळ ओढला. म्हणजे त्याचा उजवा दात." तिनं पोस्टरवर बोट ठेवलं. "हा. बरोबर." मग ते बोट बाबांच्या फोटोवर गेलं आणि तिथेच थांबलं. "आणि इथे डावा."

"उलटा केलाय म्हणून—"

"कळलं मला. आयुष्यभर तो एकच दात रोज बघतेय मी." तिचा आवाज चढला. "त्याचा कुठला दात गेला ते त्याला स्वतःला आठवत नाही होय? आणि हे काय, आम्ही सगळे घामाघूम, पातळ कपड्यांत, आणि याच्या गळ्याशी स्वेटरची कॉलर! आत्म्याला उन्हाळ्यात थंडी वाजते?"

स्वेटर माझ्या लक्षातच आला नव्हता. मी आपली दातातच अडकले होते.

"चल," आत्या म्हणाली. "पुढचा दरबार कधी आहे?"

रविवारी हॉल पुन्हा गच्च भरला होता. बाबांनी पडदा, धूळ आणि कॅमेऱ्याचा संसार हे सगळं पुन्हा म्हणून घेतलं. टेबलासमोर जाड चष्म्याचे एक गृहस्थ उभे होते. त्यांची बायको वारल्यानंतर नातवाचा वाढदिवस झाला होता आणि त्या वाढदिवसाच्या फोटोत ती आज येणार होती. बाबा फोटो परातीत सोडणार, तेवढ्यात आत्या उठली.

"एक मिनिट. बाबा, माझी लाइन तुम्ही चुकीच्या ठिकाणी जोडलीत."

एक्सचेंजमध्ये कमावलेला तो आवाज. मागच्या रांगेतली माणसंसुद्धा ताठ बसली. आत्यानं पोस्टर आणि परातीतला फोटो डोक्यावर धरले आणि पडका दात, उलटी बाजू, उन्हाळ्यातला स्वेटर, सगळं एका दमात सांगितलं.

"माई, आत्म्याला डावं-उजवं नसतं," बाबा कनवाळूपणे म्हणाले. "तो पलीकडून बघतो. पलीकडून सगळं उलटच दिसतं."

लोकांनी माना डोलावल्या. मला हसू आलं आणि थोडी धास्तीही वाटली. असली तयार उत्तरं या माणसाच्या खिशात सुट्या पैशांसारखी खुळखुळत होती. मी चष्मेवाल्या गृहस्थांजवळ गेले, कापसाचा बोळा माझ्या प्यायच्या पाण्याच्या बाटलीतून भिजवला आणि त्यांच्या हातात दिला.

"काका, तुमचा फोटो आहे. तुम्हीच पुसा. मंत्र नको, परात नको. हे आमच्या दवाखान्यातल्या नळाचं पाणी."

"हात लावू नका!" बाबा ओरडले. "जळून जाल!"

त्या गृहस्थांनी बाबांच्या हातातला फोटो घेतला आणि घाबरत घाबरत केकच्या मागची भिंत पुसली. कापूस पांढरा झाला आणि भिंतीतून एका बाईचं कपाळ बाहेर आलं. त्यांनी आणखी पुसलं. बाबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि त्या गृहस्थांची बायको हजर झाली होती. भिंतीच्या रंगाचा, पाण्यात विरघळणारा साधा रंग तिच्यावर फासलेला होता, एवढंच. फोटो आठवडाभर "शुद्धीसाठी" ठेवून घ्यायचा, त्याची नक्कल करायची, नकलेत मेलेल्या माणसाचा चेहरा बसवायचा, कागद पिवळट करायचा आणि वरून रंगाचा हात मारायचा. दुधाळ अश्रू म्हणजे तोच रंग.

हॉलमध्ये गलका झाला. ओढणीवाल्या बाई भिंतीच्या कडेकडेनं दाराकडे सरकत होत्या.

"बाई," मी हाक मारली, "तुमच्या कॅपची तपासणी राहिलीय!"

त्या थबकल्या आणि सवयीनं त्यांचा हात गालावर गेला. तेवढं पुरलं. लोकांनी दार अडवलं आणि मागची खोली उघडली. तिथे एक कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र आणि कपाटभर लोकांचे मूळ फोटो सापडले. आमच्या नव्या घराच्या दारातला खरा फोटोही त्यात होता. आत्या आणि आजीच्या मध्ये नुसती भिंत. पुढचं काम पोलिसांनी केलं.

मी जिंकल्यासारखी मागे वळले तर चष्मेवाले काका अजून तिथेच उभे होते. "एवढी तरी राहू दे," ते कुणाला तरी म्हणत होते आणि ओला फोटो शर्टाच्या आत ठेवत होते. खोटं उघडं पाडताना ते कुणाच्या काळजाला चिकटलंय हे बघून ओढावं लागतं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी हॉस्पिटलला फोन लावायला घेतला. आत्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बाबा खोटा निघाला," ती म्हणाली. "दात खोटा नाही ना? तो मीच ओढला. लोखंडाचं सोड. मला जगायला ऑपरेशन करून घ्यायचा हक्क काय? तो सात वर्षांचा गेला."

मी तिच्यासमोर बसले आणि बहुधा पहिल्यांदाच सल्ला न देता विचारलं, "मला नीट सांग. काय झालं होतं?"

ती सांगत गेली. आई स्वयंपाकघरात. हलणारा दात. दोरा. रक्तानं भरलेला रुमाल. मग तापानं लाल झालेला चेहरा, ओल्या पट्ट्या, आणि रिकामा पलंग. "एका आठवड्यात सगळं. पायरीवरचा फोटोही तेव्हाचाच, दात पडल्यावर लगेच काढलेला. म्हणून मी तो कधी धड बघितला नाही. शेवटी तुझ्या वडिलांना देऊन टाकला."

'एका आठवड्यात' हे मला खटकलं. दरबारासाठी बरोबर नेलेला तो मूळ छोटा फोटो मी पर्समधून काढला. मग मोठं दिसण्यासाठी आम्ही कामात घालतो तो भिंगाचा चष्मा तिच्या नाकावर चढवला.

"पडक्या दाताच्या जागी बघ. काय दिसतं?"

"काळोख." ती वाकली. "नाही. काहीतरी पांढरं आहे. वरून आलंय."

"तो नवा दात आहे, आत्या. अर्धा खाली उतरलेला. दुधाचा दात पडल्यावर नवा इतका यायला आठवडे लागतात, कधी कधी महिने. त्याच आठवड्यात तो असा दिसूच शकत नाही. या फोटोच्या दिवशी तू ओढलेल्या दाताची जखम केव्हाच भरून गेली होती."

"पण फोटो कधीचा, ते कुठे ठाऊक आहे?"

"तूच सांग. अंगात काय घातलंय त्यानं?"

"स्वेटर. माझा जुना उसवून आईनं त्याला केला होता. लोकर कमी पडली म्हणून पट्टे घातले."

"आणि तो गेला कधी?"

"सुट्टीत. भर उन्हाळ्यात. रात्री सगळे अंगणात झोपायचो." तिनं चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि स्वेटरवरून बोट फिरवलं. "हा हिवाळा आहे."

"हिवाळा आहे. आणि हिवाळ्यात त्याला नवा दात येत होता. म्हणजे तू दात ओढलास तो त्याच्याही आधी. त्यानंतर त्यानं अख्खा हिवाळा काढला आणि उन्हाळाही बघितला. हसत. फोटोत हसतोय बघ."

"मग मला एकाच आठवड्यात का आठवतं?"

"दहा वर्षांची होतीस. रक्त बघितलंस आणि पुढे तो गेला. तू दोन्हीला गाठ मारलीस आणि ती कुणाला दाखवलीच नाहीस. त्या उन्हाळ्यात गल्लीत आणखी कुणाला ताप होता?"

"साथच होती. समोरच्या घरातले दोघं गेले. कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी गेली."

"त्यांचे दात कुणी ओढले होते?"

आत्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती रडलीही नाही. मग म्हणाली, "आणि हे तुझ्या भिंतीवर टांगलेलं होतं."

"हो."

हो, माझ्याच भिंतीवर. तो अर्धा उगवलेला दात मी रोज बघत होते. माझ्या धंद्यातला कुणीही एका नजरेत सांगेल असा. बाजूला स्वेटरची कॉलर होती, आणि काका उन्हाळ्याच्या सुट्टीत गेला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला एकदा "तू का घाबरतेस गं?" एवढं विचारलं असतं, तर तिचं ओझं केव्हाच उतरलं असतं. मी विचारलं नाही, म्हणून फोटोबाबानं विचारलं. त्याला दोष मी देतेच, पण ती जागा मी रिकामी ठेवली होती. ते मला अजून खुपतं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचंय. तुमच्या घरातले जुने फोटो कुठल्याही बाबाच्या परातीत बुडवू नका. खिडकीपाशी उजेडात घेऊन बसा. कपडे उन्हाळ्याचे की हिवाळ्याचे ते बघा, लहान मुलांचे दात बघा, दार कुठल्या घराचं ते बघा. फोटो कधीचा हे तो स्वतःच पुष्कळदा सांगतो, त्याला मंत्र लागत नाही. आणि घरातलं कुणी एखाद्या फोटोकडे बघायचं टाळत असेल तर त्यांना विचारा. विचारून झाल्यावर गप्प बसा आणि ऐका. ठगांना आपल्या घरात शिरायला जी फट लागते, ती बहुतेक वेळा आपण न विचारलेल्या प्रश्नाचीच असते.

आत्या दवाखान्यात आली ती पोस्टर घेऊनच. खालची अक्षरं तिनं कात्रीनं कापून टाकली होती. "आता लाव," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तिनं आधीच घेतलं होतं.

"आ कर."

"आधी तू तोंड बंद ठेव."

मी बंद ठेवलं. भुलीचं इंजेक्शन चढेपर्यंत ती काकाबद्दल बोलत राहिली: तो चिंचोके कसे खेळायचा, खोटं बोलताना कान कसा ओढायचा. दाढ चटकन निघाली. कापूस दाबून धरत तिनं माझ्याकडे बघितलं आणि दहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात विचारलं, "ताप येईल का गं?"

"नाही येणार," मी म्हणाले. "आला तर औषध आहे आणि मी आहे. आणि त्याला तू कारण नसशील."

सकाळी उजाडता उजाडता फोन वाजला. पलीकडून एक्सचेंजमधला तोच खणखणीत आवाज आला.

"ताप नाही. हॉस्पिटलला फोन लाव."